तीन विठ्ठल

आई शुक्रवारी गेली. सकाळी तिने कॉफी घेतली, दारात रांगोळी काढली आणि पायरीवर बसली. त्यानंतर ती उठली नाही. त्याच सकाळी दारासुरम्‌ला मुकुंदमामांनी तिच्या फोटोची फिल्म धुऊन दोरीवर वाळत घातली होती.

मुकुंदमामा माझे सख्खे मामा नव्हते. कुंभकोणम्‌मध्ये मराठी बोलणारी घरे आता इतकी थोडी उरली आहेत की आईच्या वयाचा कुणीही पुरुष मामा होतो. भजनमठात ते मागच्या रांगेत टाळ घेऊन बसत. तमिळ शेजारी त्यांना ‘फोटो रायर’, म्हणजे फोटोवाले राव, म्हणत. बाहेर आम्ही सगळे तमिळच बोलतो. घरात बोलतो ते मराठी आमच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आणले आणि जवळजवळ तसेच राहू दिले. मी लिहिते ते मराठी मात्र पुस्तकांतून शिकलेले आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मामांना माझे बोलणे पसंत नव्हते. “तू तोंड उघडलंस की छापील कागद वाजतो,” ते म्हणत.

कुंभकोणम्‌जवळच दारासुरम्‌ला त्यांच्या घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. दोन्ही बाजूंना रेशीम विणणाऱ्यांची घरे, त्यामुळे मागांचा आवाज दिवसभर चाले. त्या आवाजाकडे मामांचे लक्ष नसे, पण माग थांबले की ते खिडकीतून डोके बाहेर काढून तमिळमध्ये विचारत, “कोण गेलं?” बहुतेक वेळा वीज गेलेली असे.

स्टुडिओत हात नसलेली एक खुर्ची होती. खुर्चीला हात असले की माणूस ते धरून बसतो आणि पडायच्या भीतीत असल्यासारखा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. कॅमेरा एकच. आणि फिल्म सगळी मुदत संपलेली. कृष्णधवल फोटो काढणारे संपले तेव्हा तिरुचीच्या एका घाऊक दुकानदाराने दुकान बंद केले, आणि त्याच्याकडचे लांब फिल्मचे डबे मामांनी एका टेम्पोत घालून आणले. अंधारात त्यातून हातभर हातभर फिल्म कापून ते छोट्या डब्यांत भरत. डब्या एका स्टीलच्या पेटीत, आणि पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, कारण आमच्या नदीकाठच्या हवेत काहीही ओले होते. दर महिन्याला ते तांदूळ पुन्हा भाजत. त्यामुळे स्टुडिओला औषधांचा वास येण्याऐवजी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा वास येई.

“मामा, याची तारीख उलटून वीस वर्षं झाली,” मी एकदा डब्यावरचे वाचून म्हणाले होते.

“तारीख माणसानं घातलेली. फिल्मीस विचारलं कोणी?”

फिल्म जुनी झाली की ती मंद होते, तिला उजेड जास्त लागतो, एवढेच ते कबूल करत. “म्हाताऱ्यास हाक जरा मोठ्यानं घालतात, तैसं.” हा जास्तीचा उजेड मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हते. ते बटण दाबून धरत आणि हळू आवाजात विठ्ठल म्हणत. ताज्या फिल्मला विठ्ठल म्हणायला सवडच मिळत नसे. दहा वर्षे जुनीला एक पुरे, वीस वर्षे जुनीला दोन. कुठल्या डब्याला किती हे ठरवण्यासाठी ते आधी अंधारात वीतभर तुकडा कापून धुऊन बघत. तोवर गिऱ्हाइकाने बाहेरच्या बाकावर बसायचे.

एका माणसाचा ते एकच फोटो काढत. दुसरा मागितला तरी काढत नसत. “पहिल्यास माणूस बसतो. दुसऱ्यास तो फोटोस बसतो.”

डब्यांबाबत त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी मला मी शाळेत असताना शिकवला. फिल्मचे टोक डबीच्या फटीतून थोडे बाहेर असते, त्याला ते जीभ म्हणत. फोटो काढून झालेली फिल्म ते पूर्ण गुंडाळत, जीभ आत घेत. “जीभ आंत म्हणजे बोलून झालं. जीभ बाहेर म्हणजे अजून बोलायचं आहे.” क्वचित एखादी फिल्म अर्धवट वापरून कॅमेऱ्यातून काढावी लागे. तिची जीभ ते बाहेरच ठेवत आणि डबीवर चिठ्ठी डकवत: चार झाले, नऊ झाले.

त्यांच्याकडे येणारी माणसे म्हातारी असत. मुलांच्या मोबाइलमध्ये त्यांचे शेकडो फोटो होते, पण हार घालण्यासाठी लावायचा फोटो मामांकडेच काढायचा, अशी आमच्या लोकांत पद्धत पडली होती. तसे कुणी म्हणत नसे. म्हणत, रेशन कार्डाला हवा आहे. मामाही विचारत, “रेशन कार्डास केवढा? बारा इंच?”

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. मी तेव्हा तिथे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “ही फिल्म कधी बाद झाली?”

“सार रिटायर झाले त्याच वर्षी.”

मुख्याध्यापकांनी चष्मा परत लावला. “मग आमचं पटेल,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. दोन विठ्ठल ते इतके निश्चल बसले की मामा नंतर म्हणाले, असा माणूस वीस वर्षांत पाहिला नाही. दीड महिन्याने तो फोटो हार घालून त्यांच्या दारात मांडलेला मी पाहिला.

रंगीत फोटो मामा का काढत नाहीत, हे मी बरीच वर्षे विचारले नाही. विचारले तेव्हा त्यांनी कपाटातून बुटांचा खोका काढला. त्यात चंद्रामामींचे फोटो होते. चंद्रामामी मामांची बायको, मी सातवीत असताना गेली. मला तिचा आवाज आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. खोक्यात वीस-बावीस फोटो असतील, सगळे रंगीत. साड्यांचे काठ कसेबसे ओळखू येत होते. चेहऱ्याच्या जागी आधी नारिंगी आणि मग पांढरे काहीतरी झाले होते. एकातही ती नव्हती.

“रंग भाड्यानं राहतात,” मामा म्हणाले. “जायच्या वेळी सांगतसुद्धा नाहीत.”

“कृष्णधवल एकही नाही?”

“तेव्हा रंगीत नवं होतं. घरच्या माणसास जुनं कोण देतो?”

त्यांनी खोका बंद केला. 

आईला फोटोचा राग होता. वडील गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षे, तिने एकही फोटो काढू दिला नव्हता. लग्नसमारंभात कुणी मोबाइल उचलला की ती स्वयंपाकघरात जाई. कपाळ मोकळे झाल्यावर आपले काय पाहायचे आहे लोकांना, असे ती एकदाच म्हणाली होती. जुन्या घोळक्याच्या फोटोंत ती मागे कुठेतरी, अर्धी दिसे. त्यामुळे त्या मंगळवारी तीच जेव्हा म्हणाली, “चल, मुकुंदाकडे जाऊन येऊ,” तेव्हा मी पुस्तक मिटले आणि रिक्षा बोलावली. का, ते मी विचारले नाही. रेशन कार्डाचे तिने नाव काढले नाही.

स्टुडिओच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. मामा तुकडा कापून बघायला आत निघाले, तर ती म्हणाली, “मुकुंदा, तुझी परीक्षा होई तों मी बसायची नाही.”

“वीस मिनिटं लागतील, अक्का.”

“माझ्यापाशी वीस मिनिटं आहेत असं कोणी सांगितलं तुज?”

मामा तिच्या छातीकडे बघत होते. ती भराभर वरखाली होत होती. त्यांनी पेटीत हात घातला आणि तळाची एक डबी काढली. जीभ बाहेर होती. चिठ्ठी नव्हती, म्हणजे कोरी.

“किती जुनी?” आईने विचारले.

“तुझ्याहून लहान.”

“मग सांभाळून घेईल मज.”

“तीन विठ्ठल बैस. हलू नको. श्वास धर.”

“श्वास धरू की विठ्ठल म्हणू? दोन्ही मज होत नाही.”

“विठ्ठल मी म्हणतो. तू ऐक.”

तिने पदर खांद्यावरून घेतला. मामांनी म्हटले, विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. शेजारचे माग चालू होते. मी दारात उभी होते आणि मीही श्वास धरला होता.

“आला?” आईने विचारले.

“धुतल्यावर कळेल.”

“मी आहे तों दे,” ती म्हणाली. मामांनी मान डोलावली.

शुक्रवारी ती गेली. चेन्नईहून भाऊ आला, पट्टीश्वरम्‌हून आत्या आली. दिवस सुरू झाले. तेराव्याला फोटो लागणार होता, आणि आईचा तो एकच फोटो होता. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, “झाला नाही.” तीन दिवसांनी पुन्हा केला. “अजून वाळली नाही.” फिल्म तासाभरात वाळते हे मला ठाऊक होते. सातव्या दिवशी मी दारासुरम्‌ला गेले. दार आतून बंद होते. मी हाक मारली तर आतून आवाज आला, “काळोखात आहे. दार उघडता येत नाही.” मी बाकावर तासभर बसले आणि परत आले. फिल्म वाया गेली आहे आणि ते सांगायला त्यांची जीभ उचलत नाही, असे मी धरून चालले. बसमध्ये डोळे मिटून आईचा चेहरा आणून बघितला. नीट आला नाही. सातव्या दिवशीच माणूस असा जायला लागतो, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नव्हते.

दहाव्या दिवशी त्यांनी स्वतःहून बोलावले.

त्यांनी दाढी केली नव्हती. टेबलावर एक मोठा फोटो होता. आई होती. खांद्यावरून पदर, मागे दाट काळोख, चेहरा थोडा मऊ झालेला, पण तीच होती, ऐकत होती. मी म्हणाले, “चांगला आला आहे, मामा.” ते तो कागदात गुंडाळायला लागले नाहीत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फोटो पालथा ठेवलेला होता.

“तो कसला?”

“बिघडलेला.”

पालथे पुस्तक दिसले की उचलून सरळ करायची मला नोकरीने सवय लावली आहे. मी तो उलटा केला.

त्यातही आई होती, पण एकटी नव्हती. तिच्या कानाशेजारी, काळोखात, एक डोळा होता आणि तो आईचा नव्हता. गालावर दुसऱ्या गालाची कड होती. डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी गेली होती. आणि बावीस वर्षे मोकळ्या असलेल्या आईच्या कपाळावर कुंकू होते.

मी खुर्चीत बसले. त्या हात नसलेल्या खुर्चीत.

“चंद्रा आहे,” मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. लग्नाला आठ वर्षे झाली तेव्हा त्यांनी नव्या भरलेल्या फिल्मवर पहिला फोटो तिचा काढला होता. याच खुर्चीत. तेवढ्यात कुणीतरी रंगीत फोटो काढायला आले. कॅमेरा एकच, म्हणून त्यांनी ही फिल्म गुंडाळून काढली, जीभ बाहेर ठेवली, ‘एक झाला’ अशी चिठ्ठी डकवली आणि पेटीत टाकली. पुढे रंगीतच चालले. फिल्म राहून गेली आणि ते ती विसरलेही. चिठ्ठी कधी गळली ते त्यांना माहीत नव्हते. इतकी वर्षे ती तळाशी त्यांची वाट बघत होती आणि ते तिच्या अंगावर भाजलेले तांदूळ ठेवत होते. त्याच फिल्मवर, चंद्रामामीच्याच जागी, त्यांनी आईला बसवले. जागा किंचित सरकली, म्हणून ती पट्टी, आणि म्हणून तो डोळा बाहेर आला.

“त्या दिवशी तुकडा कापून बघितला असता तर?” मी विचारले.

“तर तीच कापली जाती. पहिल्या वीतभरांतच होती.”

“आणि हा?” मी पहिल्या फोटोकडे बोट केले.

“त्यात मागे काळोख जास्ती दिला. त्या काळोखांत डोळा बुडाला. गालाची कड बुडाली. कपाळीचं ब्रशानं भरलं.” ते आपल्या बोटांकडे बघत होते. “दहा दिवस लागले मज. एकदा डोळा जाई तर अक्काचा कान जाई. कागद संपत आले. हा ने तू. तुझ्या आईस कोणाचं ओझं नको.”

दहा दिवस हा माणूस काळोखात उभा राहून, ज्या एका चेहऱ्यासाठी बुटांचा खोका जपत होता तोच चेहरा पुसत होता. माझ्यासाठी.

“दुसरा तुम्ही लावा मग. घरी,” मी म्हणाले.

“कैसा लावू? तुझी आई माझ्या भिंतीवर? एकट्या माणसाच्या घरांत? लोकांस काय सांगू?” ते जरा हसले. “पालथा बरा आहे तो.”

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिला सगळ्यांना आवडला असता. कुणी काही विचारले नसते. पण मी जितका वेळ बघितला तितके त्यातले कपाळ मला ब्रशाचे दिसू लागले. आईचे खरे कपाळ दुसऱ्यात होते, कुंकवाखाली. मी दुसरा घेतला. मामा “अगो” म्हणाले. मग उठून त्यांनी तो स्वतः कागदात गुंडाळला. दोरा बांधताना त्यांना गाठ जमेना. ती मी मारली.

तेराव्याला आत्याने फोटो बघितला आणि ती भिंतीला टेकली. वडिलांची ही थोरली बहीण स्वतः चाळीस वर्षे मोकळ्या कपाळाने राहिलेली होती.

“हे काय केलं आहेस? माझा भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली. हिच्या कपाळी कुंकू?”

“ते आईचं नाही, आत्या. चंद्रामामीचं आहे.” मी जमेल तसे सांगितले.  भाऊ फोटोतल्या तिसऱ्या डोळ्याकडे बघत राहिला.

“तिचं असेल. आहे कोणाच्या कपाळी? पूस ते. नाहीतर उतरव फोटो. भटजी येतील आतां.”

मामा दारात उभे होते, फुलांची माळ घेऊन. एका फोटोला लागते त्याच्या दुप्पट लांब माळ होती. ते आत आले नाहीत, तिथूनच बोलले.

“आत्याबाई, ते कुंकू कशावरून?”

“मज डोळे आहेत, मुकुंदा.”

“रंग कुठला दिसतो?”

“काळा.”

“कुंकू काळं असतं? काळा बुक्का असतो. मठात तुम्ही लावता, अक्का लावी, मी लावतो. विठोबाचा बुक्का लावायला नवरा लागत नाही.”

“तू फोटो काढतोस की कीर्तन करतोस?”

“फोटोच काढतो. काळ्या-पांढऱ्यांत कुंकू आणि बुक्का एकच येतो. त्यास मी काय करू?”

आत्याने त्यांच्याकडे बघितले. तिला खरे काय ते माहीत होते, आणि तिला ते माहीत आहे हे मामांना माहीत होते. मग ती देवघरात गेली. बुक्क्याची डबी घेऊन आली आणि फोटोच्या काचेवर, बरोबर त्या जागी, तिने बोटाने बुक्का लावला. खाली काय आहे ते दिसेनासे झाले. “आतां लाव माळ,” ती म्हणाली. मामांनी आत येऊन माळ घातली. ती दुप्पट लांब, म्हणून एका बाजूला जास्त लोंबली. कुणी सरळ केली नाही.

त्यानंतर मामा दर एकादशीला भजनानंतर आमच्याकडे येऊ लागले. फोटोसमोर उभे राहत. ओठ हलत. मग कॉफी घेत आणि बस पकडून जात. फोटोविषयी बोलत नसत. मला एखादा शब्द विचारत, हे पुस्तकांत कसे लिहितात म्हणून, आणि मी सांगितले की नापसंतीने मान हलवत. स्टुडिओ त्यांनी हळूहळू बंद केला. आईनंतर त्यांनी कुणाचा फोटो काढल्याचे मला माहीत नाही.

शेवटचे आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पायऱ्या ते हाताने चाचपत चढले. फोटोसमोर उभे राहिले आणि पहिल्यांदाच बोलले.

“डोळा दिसतो अजून? अक्काच्या कानापाशीं?”

मी जवळ जाऊन बघितले. “दिसतो.”

“आणि कपाळीचं?”

काचेवर आत्याच्या वेळेपासूनचा रोजचा बुक्का होता. आत्या आता नव्हती. तो मी लावत होते. मी तो पदराने पुसला. “दिसतं.”

ते सरळ उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना. श्वास धरला. तीन विठ्ठल झाले असतील. या वेळी ते स्वतः बसणाऱ्यासारखे निश्चल होते आणि समोरून त्यांच्याकडे बघणाऱ्या दोघी होत्या. मग त्यांनी डबी मागितली, काच चाचपून जागा शोधली आणि बुक्का परत लावला. बरोबर जागी लावला. कॉफी नको म्हणाले. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. “छापील नको लिहू ग,” ते म्हणाले. कशाविषयी ते मी विचारले नाही. रिक्षा वळली तेव्हा त्यांचा टाळ धरायचा हात बाहेर टेकलेला दिसला, दांडी धरून.

मामा गेले त्या दिवशी दोन्ही बाजूंचे माग थांबले. खिडकीतून कुणी डोके काढून विचारले नाही.

त्यांचा फोटो कुठेही मिळाला नाही. त्यांच्या पुतण्याने घर विकले आणि पेटी मला आणून दिली. त्यात नऊ डब्या आहेत. दर महिन्याला मी तांदूळ भाजून पुरचुंडी बदलते. एकाही डबीवर चिठ्ठी नाही, आणि सगळ्यांच्या जिभा बाहेर आहेत.